केडगावची बाग

आमच्या कर्जत-खालापुरात हल्ली दोन माणसं भेटली की तिसरं वाक्य जमिनीच्या भावाचं असतं. एक्सप्रेस-वे झाला, फार्महाउसं आली, आणि ज्या माळरानाकडे पूर्वी कोणी ढुंकून पाहत नव्हतं त्याचा सातबारा आता लोक जिवापाड जपतात. त्यात गैर काही नाही. म्हातारपणी हाताशी चार पैसे असावेत, हे मी पेन्शनवर जगणारी बाई कुणाला वेगळं काय सांगणार? पण "आता पुरे, आता काळजी नाही" असं वाटायला माणसाला नेमकं किती लागतं? हा प्रश्न मनात आला की मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांनीही पुढची काळजी मिटावी म्हणूनच एकदा जमीन घेतली होती.

रमाबाईंचा आपल्या भागाशी संबंध म्हटला तर वाटेपुरता. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि १८९० मध्ये ते पुण्याला हलवलं. बोरघाटातली रेल्वे १८६३ पासून सुरू होती. तेव्हा विधवा मुलींची ती शाळा आमच्या कर्जतवरूनच घाट चढून गेली असणार.

पण गोष्ट त्याआधीपासून सुरू होते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. विद्यार्थी आणि यात्रेकरू यांचं आदरातिथ्य करता करता होतं नव्हतं ते गेलं. मग सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरू लागलं. जे मिळे त्यातलं पुष्कळसं दानधर्मात आणि देवकार्यात जाई. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. जप झाले, उपास झाले, जवळचं सगळं संपलं. भीक मागायची लाज, मजुरीची सवय नाही. १८७४ च्या सुमारास वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या.

देवावर हवाला ठेवून आईबाप उपाशी मेलेले जिनं पाहिले, तिला पुन्हा "देव बघून घेईल" असं म्हणवेल का? मला तर वाटतं, दुसरं कोणी असतं तर जन्मभर धान्याच्या कोठारावर बसून राहिलं असतं.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. पण म्हणून त्या हिशेबाला विसरल्या असं मुळीच नाही. अमेरिकेत जाऊन त्यांनी व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि त्यांनी शाळेचा खर्च दहा वर्षं उचलायचं कबूल केलं. दहा वर्षांनी काय? तर त्याचाही विचार बाईंनी करून ठेवला. पुण्यापलीकडे दौंडच्या वाटेवर केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि फळझाडं लावली. बाग धरली की तिच्या उत्पन्नावर शाळा चालेल, कुणापुढे हात पसरायला नको. आपल्याकडचा कुठलाही शहाणा शेतकरी करील तसाच हा विचार.

पण १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तिथल्या बातम्या ऐकल्यावर रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले आणि त्या उठून तिकडे गेल्या. सुमारे तीनशे मुली आणि बायका घेऊन आल्या. इकडे पुण्यात प्लेग. शहरात इतक्या जणींना ठेवता येईना. मग ज्या जमिनीत उद्याची बेगमी लावली होती, तिथंच तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हीच केडगावची मुक्ती. पुढे गुजरातच्या दुष्काळात आणखी मुली आल्या आणि आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

बोस्टनची दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपली. बागेच्या उत्पन्नात इतक्या जणींना जेवू घालणं कोणत्याही हिशेबात बसण्यासारखं नव्हतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथं जॉर्ज म्यूलर यांनी देणग्या न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ मुलं सांभाळली होती. त्यांचं पुस्तक बाईंनी वाचलं होतं. केडगावला पैसा आला तोही काही आकाशातून पडला नाही, देशोदेशींच्या अनोळखी माणसांनी पाठवला. पण तो येईलच असा कागद बाईंच्या हातात नव्हता. मुली आधी आल्या, पैसा मागून.

इथे दुसरी एक आठवण सांगते. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनीही १९१७ साली मिशनचा पगार सोडून देवावर भार टाकला. मोठीच गोष्ट. पण लक्ष्मीबाईंची "स्मृतिचित्रे" ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे, टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे आणि घरातले डबे धुंडाळायला लक्ष्मीबाई लागत. एकानं देवावर सोपवायचं आणि दुसऱ्यानं चूल पेटवायची, हे बऱ्याच घरांत चालतं. बायकांना सांगायला नको!

रमाबाईंनी दोन्ही कामं स्वतःकडे ठेवली. केडगावला प्रार्थना होती, तसेच माग होते, शिवणकाम होतं, शेती होती, छापखाना होता. सोप्या मराठीतलं बायबल त्यांनी स्वतः भाषांतरित केलं, ते तिथल्याच मुलींनी जुळवून छापलं. ज्या घरी मजुरीचं काम येत नव्हतं म्हणून माणसं उपाशी मेली, त्या घरच्या मुलीनं शेकडो मुलींना हातानं काम करायला शिकवलं. मला वाटतं, वडिलांच्या आणि तिच्या भरवशातला फरक इथे आहे. देव कोणता, हा वाद मी घालत नाही. वडिलांची निष्ठाही खरीच होती. पण ते देव काय करतो याची वाट पाहत बसले. रमाबाईंनी आधी भुकेल्याला घरात घेतलं आणि मग देवाकडे पाहिलं.

१९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. मुक्तीचं काम केडगावला आजही चालू आहे.

आता आमच्याकडचे बंगले पाहते. आठवड्याचे पाच दिवस कुलूप, भोवती कंपाउंड, आत आंबे लावलेले. मालकांना नावं ठेवण्याचा मला काही अधिकार नाही. जमीन जपावी, झाडं लावावीत, दोन पैसे गाठीशी ठेवावेत, रमाबाईंनीही ते केलंच. फक्त फाटकाशी कोणी भुकेलं उभं राहिलं तर ते उघडायचं बळ आपल्यात उरलंय का, एवढं ज्यानं त्यानं मनाशी पाहावं. पैशाच्या भरवशावर ते फाटक उघडत नाही, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.