काळ्यांचं शास्त्र आणि आपली पेटी

'तुमच्या लोकांच्या रक्तातच ताल असतो' असं आपल्याला कौतुकानं सांगतात. मी हातकणंगल्याचा. हलगी, सनई, बँडच्या आवाजात वाढलो. हे कौतुक पोरवयापासून ऐकतोय. त्यात एक मेख आहे. रक्तात आहे, म्हणजे डोक्यात न्हाई! ताल तुमचा, शास्त्र आमचं. अमेरिकेतल्या काळ्या वादकांनाही हेच ऐकवलं गेलं. त्यांनी दिलेलं उत्तर आपल्या कार्यकर्त्याला ठाऊक पायजे.

१९१३ ते १९१६ बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. शेजारीच हार्लेम. १९४० नंतर तिथल्या मिंटन्स प्लेहाऊस या क्लबात थेलोनियस मंक पियानोवर बसायचा, डिझी गिलेस्पी ट्रम्पेट घेऊन यायचा. गुलामांच्या या वंशजांनी रात्र-रात्र जागून सूर तपासले. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत डू बॉईस यांना पत्र लिहिलं, तेव्हा हे नवं संगीत, बीबॉप, जोमात होतं. त्याच्या गाभ्यात 'ऑल्टर्ड कॉर्ड' आहे. असे बदललेले सूर युरोपच्या संगीतात आधीही होते. यांनी त्यांची रोजची बोली केली.

आता जलशातली पेटी पुढं ओढा. पांढरी एकचा सा धरा. प-नी-रे-म एकदम दाबा. हा स्वरमेळ सा कडे परतायला धडपडतो. नी वर सा कडे ओढते, म खाली ग कडे. हे दोन सूर हलवायचे न्हाईत. रे काढायचा आणि त्याजागी कोमल रे किंवा कोमल ग घ्यायचा. वर शुद्ध ध जोडतात, त्याजागी कोमल ध किंवा कोमल नी. चारी कोमल सूर, चारी काळ्या पट्ट्या. ओढ दुप्पट होते. हीच ऑल्टर्ड कॉर्ड.

रियाज असा करा:

पहिला मेळ : म, ध, वरचा सा, वरचा ग.
दुसरा : म, कोमल ध, नी, वरचा कोमल ग.
तिसरा : ग, प, नी, वरचा रे.

खर्जात जोडीदारानं क्रमानं रे, प, सा धरावा. बघा, प्रत्येक बोट एकतर जागीच राहतं, न्हाईतर अर्धाच सूर खाली उतरतं. जादू न्हाई, हिशेब आहे. एका पट्टीत बसलं की बाराही पट्ट्यांत बसवा. घाई नको, कान तयार व्हायला महिने लागतात.

ही विद्या मुंबईलाही आली. १९३५ साली लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजला. मागनं पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला; तो १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्यानं गेला. अशा वादकांचा जॅझ गोव्याच्या वादकांनी कानांनी उचलला, कागदावर उतरवला आणि सिनेमात नेला. १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या संगीतामागं गोव्याचा चिक चॉकलेट होता. कुणाच्या रक्तात न्हवतं, सगळ्यांनी शिकून घेतलं.

आमच्याच तालुक्यात, माणगावला, २१ आणि २२ मार्च १९२० ला परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब, शाहू महाराज स्वतः हजर. आपलं दुसऱ्यानं बोलायचं, हा रिवाज तिथं मोडला. मग आपलं वाजवणं काय आहे, हे तरी दुसऱ्यानं का ठरवावं? वस्तीतली पेटी उघडा. पोरींनाही बसवा. आणि कुणी 'रक्तातच आहे' म्हणालं, तर त्याला सरळ सांगा : शिकलोय.