लोदचा सिंहांचा पूल

लोदहून उत्तरेकडे जाणारा जुना रस्ता अयालोन नदी ओलांडतो तो जिंदासच्या पुलावरून. लोद-रामले येथील आपली कित्येक मंडळी त्यावरून गेली असतील. पण वरून जाणाऱ्यास काहीच दिसत नाही. खाली पात्रात उतरावे लागते. तेथे तीन कमानी, वर अरबी शिलालेख आणि त्याच्या दोहों अंगांस एकेक सिंह. सिंहापुढे इवलासा उंदीर! मांजराने खेळवावा तसा. आम्हांस तर त्या सिंहांचा तोरा पाहून हसूच येते.

मामलुक सुलतान बैबर्स याने हा पूल १२७३ साली बांधविला. सिंह हे त्याचे चिन्ह. उंदीर म्हणजे त्याने हरविलेले क्रूसेडर, असा अर्थ लावतात. कैरो ते दमास्कस त्याची घोड्यांची डाक चाले. हिवाळ्यात नदी फुगली तरी वाट अडू नये, हेच अशा पुलांचे काम.

दगड मात्र जुनेच. पाथरवटांच्या टाकीच्या खुणांवरून त्यातले बरेचसे लोदच्या सेंट जॉर्ज चर्चमधून काढून आणलेले आहेत, हे फ्रेंच संशोधक क्लेर्मों-गानो याने एकोणिसाव्या शतकात ताडले.

आपल्या वाडवडिलांच्या पायाखालचा नागोठण्याचा दगडी पूल १५८० चा. हा त्याहून तीनशे वर्षांनी वडील, आणि अजूनही मोटारींचा भार वाहतो आहे.