कमान आणि उसळी

आपल्या मराठीत 'कमान' हा एकच शब्द तीन ठिकाणी राबतो. देवळाच्या दारावर असते ती कमान, बाण सोडतात ती कमान, आणि टांग्याच्या बुडाशी पोलादाच्या पट्ट्या एकीवर एक रचलेल्या असतात तीही कमानच. पहिली जन्मभर वाकून उभी राहते. दुसरी एकदा वाकते आणि सुटते. तिसरीची गोष्ट मात्र अवघड आहे. ती दिवसभर वाकते आणि दिवसभर उसळते. तिला वाकवायला माणसाला फारसे श्रम पडले नाहीत. तिची उसळी आवरायला मात्र शंभर वर्षे लागली. ही हकीगत पुस्तकांतून मला केव्हाच कळली असती; परंतु ती कळायला माझ्या आत्याची मांडी मोडावी लागली.

झाले असे, की गेल्या पावसाळ्यात आत्या ओसरीवर घसरून पडली. गाव मानोरा तालुक्यातले. गावापासून डांबरी सडकेपर्यंत पांदण, आणि पावसाळ्यातली आपली काळी माती कशी असते हे वऱ्हाडातल्या वाचकांना सांगायला नको. आत्याच्या मुलाची, म्हणजे माझ्या आतेभावाची, मालवाहू पिकअप दारात उभी होती. गाद्या टाकल्या, आत्येला निजवले, मी उशाशी बसलो आणि आम्ही वाशीमची वाट धरली. त्या दोन तासांत त्या माउलीने काय सोसले ते मी इथे लिहीत नाही. एका खड्ड्यानंतर ती एवढेच म्हणाली, "अरे, माह्या हाडाचं सोयाबीन करता का रे?"

तिने नकळत नेमके वर्मावर बोट ठेवले होते. कारण ती गाडी सोयाबीनचीच होती. सुगीत बाजार समितीच्या आवारात पोती न्यायची म्हणून आतेभावाने मागच्या कमानीत दोन पाटे जास्तीचे चढवून गाडी वीतभर उंच करून घेतली होती. दीड टनाच्या गाडीत अडीच टन घालायचे, तर मागचा भाग बसू नये, ही त्यातली युक्ती. (कायद्याला ती मान्य नाही, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात गाडीच्या मूळ ठेवणीत परस्पर फेरफार करायला बंदी आहे. पण सुगीच्या दिवसांत कायदा आठवणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही.) आता पंचवीस क्विंटल पेलण्यासाठी ताठ केलेल्या कमानीवर पंचेचाळीस किलोंची म्हातारी निजवली, तर ती कमान वाकणार कशाला? खड्डा आला की ती चाकाचा ठोसा जसाच्या तसा वर पाठवत होती, आणि मग सारी गाडी हवेत दोन-तीनदा नाचत होती.

आमच्या भागाचा इतिहास पाहिला तर ओझे आणि धक्का यांचा हा झगडा जुनाच आहे. गाड्यांच्या आधी बंजारे होते. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून त्यांचे तांडे देशभर फिरत. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आजही रामनवमीला लाखो बंजारे बांधव जमतात. बैलाच्या पाठीवरच्या मालाला धक्का बसत नाही, कारण चार पायांचे सांधे ही निसर्गाने दिलेली कमान आहे, आणि तिची उसळी आवरायला स्नायूही त्यानेच दिले आहेत. चाक आले तेव्हा ओझे वाढले, पण ही सोय गेली. आपल्या बंडीला कमान नव्हतीच. लाकडी आख, लोखंडी धाव, आणि वर साटा. माणसे बसायची तर खाली कडबा अंथरायचा, वर गोधडी टाकायची. माहेरवाशिणी आणि बाळंतिणी याच कडब्यावरून आल्या-गेल्या. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. कारंज्याच्या पेठेचा बोलबाला झाला. सडका झाल्या त्या मुख्यतः कापसाच्या गाड्या रेल्वेपर्यंत पोचाव्यात म्हणून. कापसाच्या बोंद्र्याला धक्का लागत नाही, तेव्हा माणसाला लागतो याची चिंता कोणी का करावी?

साहेबाची स्वतःची बग्गी मात्र कमानीवर चालत होती. लंडनच्या ओबाडाया इलियट नावाच्या गाड्या बनवणाऱ्या कारागिराने १८०४ मध्ये दोन धनुष्ये समोरासमोर जोडावीत तशी लंबगोल कमान काढून तिचे पेटंट घेतले. तिच्यावर गाडी थेट आखाला बसू लागली, खालचा अवजड दांडा गेला, गाडी हलकी झाली. आपल्याकडचे टांगे आणि दमण्या त्याच कुळातल्या. या गाड्यांना उसळी आवरणारे वेगळे साधन नव्हते, तरी त्या फार नाचत नसत. त्याचे कारण गमतीचे आहे. एकावर एक असलेले पाटे वाकताना एकमेकांवर घासतात, आणि त्या घर्षणातच उसळीचा जोर बराचसा मरतो. टांगेवाल्याने पाट्यांना नको तितके वंगण दिले, तर टांगा अधिक उड्या मारणार! शिवाय घोड्याचा वेग तो किती?

मोटार आली आणि वेगाने हा समजूतदार संसार मोडला. कमान एका खड्ड्याची उसळी संपवते न संपवते तो दुसरा खड्डा हजर. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये त्रुफो याने कात्रीसारखे दोन दांडे आणि त्यांच्या सांध्यात घासणाऱ्या चकत्या असे साधन केले. हार्टफर्ड नावाच्या अमेरिकनाने ते आपल्या देशात नेले. दुसरा एक फ्रेंच, उदाय, याने घासणाऱ्या चकत्यांऐवजी तेल वापरले. पुढे नळीत सरकणारा दट्ट्या आला आणि तोच टिकला. या धंद्यात नाव काढलेल्या मंडळींची पूर्वपीठिका पाहिली की हसू येते. अमेरिकेतली मन्रो कंपनी आधी चाकात हवा भरायचे पंप करीत होती, आणि गॅब्रिएल कंपनीचा जन्म मोटारीच्या भोंग्यातून झाला. देवदूताच्या तुतारीवरून तिला ते नाव मिळाले. आधी रस्त्यावरच्या माणसाचे कान आणि मग गाडीतल्या माणसाची कंबर, असा त्यांचा परोपकाराचा क्रम!

आपल्याकडे हे साधन खेड्यापर्यंत आणले ते जीपने. महायुद्धासाठी १९४१ पासून तयार होऊ लागलेल्या विलिस जीपला चारी चाकांवर कमानपाटे आणि चारी चाकांवर तेलाच्या नळ्या होत्या. महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी जी कंपनी काढली, तिनेच १९४७ मध्ये या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला आरंभ केला. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावात दोन महिंद्र राहिले. पुढे १९६१ मध्ये गॅब्रिएल इंडिया स्थापन होऊन मुंबईत मुलुंडला ही नळी इथेच बनू लागली. आमच्या सडकांवर दहा माणसांच्या जागी अठरा बसवून धावलेली काळी-पिवळी जीप आणि आजची पिकअप ही सारी त्याच घराण्यातली लेकरे. अमेरिकेत लोक पिकअप उंच करतात ती वाळवंटात आणि दगडाधोंड्यांत हौसेने हिंडायला. आमच्याकडे ती उंच होते पोटासाठी.

असो. आत्येची शस्त्रक्रिया नीट झाली. ती घरी आल्यावर आतेभावाला लाज वाटली की काय कोण जाणे, तो मला घेऊन मिस्त्रीकडे गेला. माझे विज्ञान मॅट्रिकपर्यंतचेच. पण त्या दिवशी स्टुलावर बसून जे शिकलो, ते वर्गात मला कोणी शिकवले नव्हते.

मिस्त्रीने गाडीचा सांगाडा घोड्यावर चढवला आणि मागचा आख लोंबू दिला. मग जुनी नळी हाताने दाखवली. गाडी वीतभर उंच झाली, पण नळी मूळच्या लांबीचीच राहिली होती. चाक खड्ड्यात उतरले की ती पूर्ण ताणली जाऊन हिसका खाई. एका बाजूचे रबर फाटले होते, दुसरीतले तेल गळून गेले होते. म्हणजे आत्या त्या दिवशी निव्वळ कमानीवर निजून गेली होती.

"गुरुजी," मिस्त्री म्हणाला, "पाटा वजन झेलते, पन उडी थांबवाले दुसरं कोनी लागते."

इंग्रजीत या नळीला धक्का शोषणारी म्हणतात, सरकारी मराठीत 'धक्काशोषक', आणि गॅरेजमध्ये 'शॉकप'. तिन्ही नावे थोडी चुकीचीच. धक्का पाटाच घेतो. शॉकप त्याची उसळी मारतो: आतला दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो, तेल सहजासहजी जात नाही, आणि उसळीचा जोर उष्णता होऊन निघून जातो. खराब रस्त्यावरून आल्यावर नळीला हात लावून पाहावा, चटका बसतो. फार तापले की तेलाला फेस येतो आणि जोर कमी पडतो. म्हणून नव्या नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरलेला असतो.

बाजारात लांब शॉकप मिळतात. पण नुसता लांब घेऊन भागत नाही. मिस्त्रीने आख पूर्ण लोंबलेला असताना वरच्या बोल्टापासून खालच्या बोल्टापर्यंतचे अंतर टेपने मोजले; मग आख जॅकने रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत वर उचलून पुन्हा मोजले. नवी नळी ताणल्यावर पहिल्या मापाहून थोडी लांब हवी आणि दाबल्यावर दुसऱ्या मापाहून थोडी आखूड. पहिले चुकले तर ती हिसक्याने तुटते, दुसरे चुकले तर बुडाशी आपटून फुटते. दोन्ही बाजूंच्या नळ्या एकदमच बदलायच्या. बोल्ट आधी सैल ठेवायचे आणि गाडी चाकांवर उतरून आपल्या उंचीला बसल्यावरच आवळायचे, नाहीतर रबर पहिल्याच दिवसापासून पिळलेले राहते. ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, तेही त्याने पाहिले. मागच्या ब्रेकवर एक झडप असते, ती आख आणि सांगाडा यांतल्या अंतरावरून गाडीत भार किती आहे ते ओळखते. गाडी उंच केली की भरलेली गाडीही तिला रिकामी वाटते आणि ती मागचा ब्रेक कमी देते. हे ऐकताना आतेभावाचा चेहरा उतरला. पोहरादेवीच्या यात्रेला याच गाडीतून त्याने तीस माणसे नेली होती.

इथे मिस्त्रीने एक गोष्ट स्पष्ट सांगितली. जास्तीचे दोन पाटे राहिले तर कितीही चांगला शॉकप रिकाम्या गाडीला मऊ करणार नाही. तो नाच थांबवेल, ठोसा नाही. अर्धा तास विचार करून आतेभावाने दोन्ही पाटे काढायला सांगितले. गाडी मूळ उंचीला आली, मग मोजमाप पुन्हा घ्यावे लागले, आणि लांब नळ्या परत करून मूळ लांबीच्याच नव्या बसवल्या. दुपार गेली. मिस्त्रीने मजुरी दोन्ही वेळची लावली, ती रास्तच होती.

यंदा सुगीत त्याला पोत्यांच्या दोन खेपा कराव्या लागल्या. डिझेलचा हिशेब तो मला अजून ऐकवतो. भाऊबीजेला आत्या त्याच गाडीतून आमच्याकडे आली, पुढे बसून. पण काठी टेकत उतरल्यावर तिने आधी सीटवरची चौपदरी गोधडी काढून घेतली, झटकली आणि जाताना लागेल म्हणून खुंटीला अडकवून ठेवली.