चित्रकाराचा हात आणि यंत्राचा पडदा

यंत्राचा इतिहास लिहिणारे त्याचा वेग सांगतात, किंमत सांगतात; ते चालविणाऱ्याच्या मानेविषयी व मनगटाविषयी मात्र फारसे बोलत नाहीत. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमची नजर आधी तिकडेच जाते.

१९६३ साली अमेरिकेतील एम. आय. टी. येथे आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ रचले. संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून थेट रेषा काढता येऊ लागली. पण उभ्या पडद्यासमोर हात अधांतरी धरला की तो लवकरच भरून येतो. पुढे माऊस सर्वत्र रूढ झाला. हाताला विसावा मिळाला खरा. पण हात मेजावर आणि रेषा पडद्यावर, अशी त्यांची ताटातूट झाली.

२६ ऑक्टोबर २०१६ रोजी मायक्रोसॉफ्टने न्यूयॉर्कमध्ये चित्रकार व आरेखकांसाठी ‘सरफेस स्टुडिओ’ दाखविला. २८ इंची स्पर्शपडदा, आणि संगणक त्याच्या पायथ्याच्या पेटीत. पडदा खाली ओढला की मेजाशी २० अंशांचा कोन करून तो स्थिर राही. म्हणजे नकाशे काढणाऱ्याचा उतरता फळाच! हा उतार आरेखकांच्या पाठींनी कितीतरी आधी शोधून ठेवला होता.

किंमत मात्र २,९९९ डॉलरपासून पुढे; आणि २०२४ अखेर या मालिकेचे उत्पादनही थांबले. अवजाराचे आयुष्य ते वापरणारा ठरवीत नाही, ही आमची जुनीच तक्रार आहे. तरीही यंत्राला माणसापुढे वाकता येते, एवढे त्या पडद्याने दाखविले. यापुढे माणसानेच वाकावे असे कोणी म्हणाले, तर त्याला हा इतिहास ऐकवावा.