नाव कंपनीचे, काम कार्यकर्त्यांचे : जूमला कसे जन्मले आणि कसे बसवावे

'जुमला' म्हटले की आज निवडणुकीतली खोटी आश्वासने आठवतात. पण जुन्या मराठी हिशेबाच्या कागदांत जुमला म्हणजे एकूण बेरीज. मूळ शब्द अरबी. आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ 'सगळे मिळून' असा होतो. 2005 साली काही प्रोग्रामरांनी त्यावरून आपल्या सॉफ्टवेअरचे नाव ठेवले, जूमला. वेबसाइटवरचे लेख, फोटो, विभाग सांभाळणारे हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. त्याची गोष्ट तंत्रज्ञानाची कमी आणि मालकीची जास्त आहे.

ऑस्ट्रेलियातल्या मिरो नावाच्या कंपनीने 'मांबो' हे सॉफ्टवेअर बनवले आणि 2001 मध्ये ते जीपीएल परवान्याखाली खुले केले. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांनी 1989 मध्ये लिहिला. त्याचा अर्थ साधा आहे : कोड कुणीही वापरावा, वाचावा, बदलावा, वाटावा, मात्र बदललेला कोड वाटताना पुढच्यालाही हेच हक्क द्यावे लागतात. जगभरच्या लोकांनी मांबोवर काम केले, ते वाढले. मग 2005 मध्ये कंपनीने मांबोसाठी प्रतिष्ठान स्थापन केले. राबणाऱ्या मुख्य प्रोग्रामरांचे म्हणणे असे की, त्याची रचना आम्हाला न विचारता ठरवली आणि सूत्रे कंपनीकडेच राहिली. 17 ऑगस्ट 2005 रोजी अँड्र्यू एडी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले.

'मांबो' हे नाव त्यांना नेता आले नाही, कारण ते कंपनीच्या मालकीचे होते. कोड मात्र नेता आला! सप्टेंबरमध्ये जूमलाची पहिली आवृत्ती आली तेव्हा ती जवळपास नाव बदललेली मांबोच होती. काही वर्षांत मांबो मागे पडले.

आपली मुले हे वाचून 'एकजुटीचा विजय' म्हणतील. मला ते अर्धेच पटते. एकजूट अनेकांची असते, तरी ते रिकाम्या हातानेच बाहेर पडतात. इथे हक्क आधीच लिहून ठेवलेला होता, म्हणून एकजूट कामी आली. लिखित हक्काची किंमत बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळी सांगायला नको.

छापखान्याचीही नको. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नव्हती. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून सुरुवात झाली. पुढे चळवळीने स्वतःचा छापखाना उभारला. दादरचा बुद्धभूषण प्रेस आणि आंबेडकर भवन 25 जून 2016 च्या पहाटे पाडले गेले, तेव्हा लोक रस्त्यावर का उतरले? कारण तो आपल्या शब्दांचा पत्ता होता.

आज आपले शब्द कुठे राहतात? बहुतेक दुसऱ्याच्या घरात. 'राउंड टेबल इंडिया'ने स्वतःचे संकेतस्थळ चालवले आणि बहुजन लेखकांचे मोठे लेखन तिथे जमले. त्याच्या जुन्या लेखांच्या पत्त्यात 'कॉम_कंटेंट' असा तुकडा दिसतो, ती जूमलाचीच खूण. मराठीसाठी महत्त्वाची आवृत्ती म्हणजे जानेवारी 2008 ची 1.5, कारण तिच्यापासून जूमला पूर्णपणे युनिकोडवर आले. अडचण राहते ती आपल्या जुन्या स्मरणिकांची. त्या डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये आहेत. मजकूर उचलून टाकला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. आधी युनिकोडमध्ये बदला, मगच चढवा.

बसवणे अवघड नाही. सराव घरच्या कॉम्प्युटरवर झॅम्प टाकून करता येतो. होस्टिंग घेताना जूमला 5 साठी पीएचपी 8.1 किंवा पुढचे आहे का, ते विचारा. मग रिकामा डेटाबेस तयार करा, त्याचा कॅरेक्टर सेट यूटीएफ8एमबी4 ठेवा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसू शकतात. जूमलाची झिप सर्व्हरवर उघडा आणि ब्राउझरमध्ये साइटचा पत्ता टाका. साइटचे नाव, प्रशासकाचा आयडी-पासवर्ड आणि डेटाबेसची माहिती भरली की झाले. प्रशासकाचा आयडी 'अ‍ॅडमिन' ठेवू नका. शेवटी 'इन्स्टॉलेशन' फोल्डर शिल्लक राहिला नाही ना, ते पाहा. सेटिंगमध्ये 'युनिकोड एलियस' चालू करा. ते बंद असेल तर मराठी शीर्षकाच्या लेखाचा पत्ता नुसता तारीख-वेळेचा आकडा होतो आणि कोणता लेख कुठला, कळत नाही.

खरी गडबड याच्या आधीच होते. कल्याण पूर्वेतल्या एका मंडळाची साइट एका ओळखीच्या मुलाने बनवून दिली होती. डोमेन त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडे. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला, मुदत संपली, साइट बंद. जयंतीचे सात वर्षांचे फोटो गेले. जूमला मुक्त असून उपयोग काय झाला? ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, प्रत्येक विहाराच्या समितीत मोबाइल हाताळणारी दहा पोरे आहेत, पण डोमेनची पावती कुणाच्या नावावर, हे विचारले की शांतता.

तेव्हा डोमेन संस्थेच्या नावावर घ्या, पासवर्ड किमान दोघांकडे ठेवा आणि नूतनीकरणाची तारीख इतिवृत्ताच्या वहीत लिहा. महिन्यातून एकदा सर्व फाइल्स आणि डेटाबेस, दोन्हींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. केवळ फाइल्स घेतल्या तर लेख हाती लागत नाहीत, ते डेटाबेसमध्ये असतात.