छत्री बांधेल तो वारस

इंदूरच्या राजवाड्यापासून पायी थोड्याच अंतरावर, खान नदीच्या काठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या उभ्या आहेत. पुलावरून जाणाऱ्या नवख्या माणसाला ती देवळंच वाटतात आणि त्यात त्याची काही चूक नाही. उंच जोतं, खांबांचा मंडप, गाभारा, वर शिखर. देवळाला लागतं ते सगळं इथे आहे. गाभाऱ्यात मात्र माणसांच्या मूर्ती आहेत : कृष्णाबाई होळकर, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव. बाहेरच्या दगडात शिपाई आणि वादक कोरले आहेत. पहारा आणि वाजंत्री, दरबाराचा हा सगळा सरंजाम मरणानंतरही राज्यकर्त्यांच्या दिमतीला ठेवलेला दिसतो.

मृत माणसाची जागा पूजेची होते, ही गोष्ट मराठी मनाला परकी नाही. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली आणि त्या जागेभोवती वारकऱ्यांचं सारं जग उभं राहिलं. समाधीच्या आत अजानवृक्षाच्या मुळ्या ज्ञानेश्वरांच्या गळ्याला लागल्या, त्यांनी एकनाथांना स्वप्नात बोलावून घेतलं, ही कथा आजही श्रद्धेने सांगितली जाते. सज्जनगडावर खाली समर्थांची समाधी आणि वर रामाचं मंदिर आहे. पंथ घडवणारा पुरुष गेला तरी तिथेच आहे, हा त्या सगळ्यामागचा विश्वास. मराठा सरदारांनी आपल्या छत्र्यांसाठी हाच विश्वास उचलला आणि त्याला राजेपणाची जोड दिली. पुण्यात वानवडीला महादजी शिंदे १७९४ मध्ये वारले. तिथली शिंदे छत्री पाहिलेल्यांना महादेवाचं देऊळ आणि सरदाराचं स्मारक एकाच आवारात कसं नांदतं, हे वेगळं सांगायला नको.

होळकरांकडे तर छत्रीची कथा घराण्याच्या आरंभापासूनच येते. होळ गावचा धनगराचा पोर मल्हारी वडिलांच्या मृत्यूनंतर खानदेशात तळोद्याला मामाकडे, भोजराज बारगळांकडे वाढला. तो उन्हात झोपला असताना नागाने त्याच्या तोंडावर फणा धरला, अशी दंतकथा आहे. नागाचा फणा शंकराच्या पिंडीवर असतो आणि छत्र राजाच्या डोक्यावर. या कथेत दोन्ही एकाच मुलावर येतात. ज्या घराण्याला वंशावळीचा आधार नव्हता, त्याच्या राज्याला दैवी संमती देणारी ही कथा आहे. पुढे अहिल्याबाईंनी राज्य शंकराचं मानलं आणि ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ म्हणून हुकूम काढले. महेश्वरच्या टांकसाळीतल्या रुपयांवर पिंडी आणि बेलाचं पान उमटलं. महेश्वरला अहिल्याबाईंच्या छत्रीत पिंडी आहे आणि तिच्यामागे बाईंची मूर्ती. जिने आयुष्यभर शंकराच्या नावाने कारभार केला, ती त्याच्याच गाभाऱ्यात बसली.

होळकरांच्या छत्र्या एका गावात नाहीत. जो जिथे पडला, बहुधा तिथेच त्याची छत्री झाली. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात गोळा लागून गेले, त्यांची छत्री त्याच मुलखात आहे. घराण्याचे संस्थापक मल्हारराव २० मे १७६६ रोजी आलमपूरला वारले. त्यांची छत्री आजच्या भिंड जिल्ह्यात, इंदूरपासून फार दूर. यशवंतरावांची भानपुऱ्याला. या ठिकाणांवरून रेघ ओढली, तर होळकरांची घोडदौड कुठवर होती ते कळतं. १८१७ साली महिदपूरला इंग्रजांकडून पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, राजधानी इंदूरला आली आणि ती दौड थांबली. त्यानंतरच्या राज्यकर्त्यांच्या छत्र्या राजवाड्याच्या सावलीत, गावच्याच नदीकाठी आल्या, यात नवल नाही.

कृष्णपुऱ्याला जिचं नाव मिळालं, ती कृष्णाबाई गादीवर कधीच बसली नव्हती. यशवंतरावांची ही राणी, तिसऱ्या मल्हाररावांची आई. यशवंतराव १८११ मध्ये गेले. महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी राज्य सांभाळणाऱ्या तुळसाबाईंना आपल्याच लोकांनी क्षिप्रेकाठी मारलं. कृष्णाबाईंनी हे सगळं पाहिलं. १८३३ मध्ये मुलगाही ऐन तारुण्यात गेला. त्याच सुमारास त्यांनी राजवाड्याजवळ गोपाळ मंदिर बांधलं होतं. नंतरच्या दहा-अकरा वर्षांत गादीसाठी तंटे झाले, माणसं बदलली. १८४४ मध्ये भाऊ होळकरांचा लहानगा मुलगा तुकोजीराव म्हणून गादीवर आला, तेव्हा राज्याचा आधार होत्या त्या मासाहेबच, म्हणजे कृष्णाबाई. १८४९ मध्ये त्या वारल्या आणि तुकोजीरावांच्या कारकिर्दीत त्यांची छत्री उभी राहिली.

या छत्रीचं खरं मर्म इथे आहे. दुसरे तुकोजीराव संस्थापक मल्हाररावांच्या थेट रक्ताचे नव्हते. ज्यांची वंशसाखळी अशी तुटलेली असते, त्यांना नातं कृतीने सिद्ध करावं लागतं. अग्नी देणं, दिवस करणं आणि छत्री बांधणं हे मुलाचं काम. ते जो करतो तो मुलगा ठरतो. अहिल्याबाईंच्या बाबतीतही असंच घडलं. त्यांचं स्मारक उभारण्याचं काम यशवंतरावांनी हाती घेतलं आणि त्यांचे वडील पहिले तुकोजीरावही मल्हाररावांचे पुत्र नव्हते. खुद्द अहिल्याबाईंनी सासऱ्यांची छत्री बांधली तीही सुनेने राज्य करावं की नाही यावर वाद झाला त्या काळात. म्हणून ही स्मारकं पाहताना इथे कोणाची मूर्ती आहे, एवढंच विचारून भागत नाही. ती कोणी बसवली, हे विचारल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही. पुढे तुकोजीराव आणि शिवाजीराव या बापलेकांच्या छत्र्या त्याच काठावर झाल्या आणि जागेला घराण्याच्या देवघराचं रूप आलं.

यात कृष्णाबाईंचा मान फार मोठा आहे, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं. कर्तबगार पुरुषांच्या छत्र्या मराठी मुलखात पुष्कळ आहेत. राज्य पडता पडता सावरणाऱ्या विधवेला देवळाचं शिखर, पहारा आणि वाजंत्री मिळावी, वर सबंध वस्तीला तिचं नाव मिळावं, हे विरळाच. महाराष्ट्रातून इंदूरला जाणारे राजवाडा बघतात, सराफ्यात खातात आणि परततात. त्यांनी तासभर कृष्णपुऱ्याला द्यावा. चपला बाहेर काढाव्यात, शिल्पांना हात लावू नये आणि आधी मासाहेबांच्या छत्रीत जावं.