घरच्या दळणाचा खपली पाव
सातारा-सांगलीत खपली गहू पूर्वीपासून होतो. दाण्याला टरफल घट्ट असते, ते कांडून काढल्यावरच दळण टाकावे.
आंबवणासाठी पीठ-पाणी समभाग कालवावे. रोज निम्मे काढून तेवढेच नवे घालावे, आठवडाभरात ते फसफसते.
अर्धा किलो ताज्या पिठाला १०० ग्रॅम आंबवण, ३५० मिली पाणी, १० ग्रॅम मीठ. खपलीचा चिवटपणा कमी, गोळा पसरतो. म्हणून फार न मळता तो साच्यातच घालावा. ताजे पीठ लवकर आंबते. उन्हाळ्यात दुप्पट व्हायची वाट बघत बसलं की पाव खाली बसतो. दीडपट फुगला की २२० अंशांवर पाऊण तास भाजावा.
खपलीतही ग्लुटेन असतेच. सिलिॲक आजार असणाऱ्यांनी हा पाव खाऊ नये.